द्राक्षमळ्यांतून सायकल, मागे गाडी नको: ल्युबेरों, तेर्रा आल्ता की पारेन्झाना?

युरोपात जायचं, चार-पाच दिवस निवांत सायकल चालवायची, मागून ट्रक-बस काही यायला नको, दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, कडेला डोंगर आणि रात्री एखाद्या दगडी गावात मुक्काम, असा प्लॅन डोक्यात असेल तर शोधता शोधता बरेच जण तीन नावांपाशी येऊन अडकतात. फ्रान्समध्ये ल्युबेरों डोंगराच्या पायथ्याचा कालावों नदीच्या खोऱ्यातला वेलोरूट, म्हणजे सायकलमार्ग, स्पेनमध्ये कातालुन्या प्रांतातल्या तेर्रा आल्ता भागातली व्हिया वेर्दे, म्हणजे 'हिरवी वाट', आणि एड्रियाटिक समुद्रातल्या इस्त्रिया द्वीपकल्पावरची पारेन्झाना, जी इटलीत सुरू होऊन स्लोव्हेनियातून क्रोएशियात जाते. तिन्ही जुन्या रेल्वेलाइनी आहेत, रूळ उखडले आणि त्या जागी सायकलचा रस्ता केला. फोटो बघून ठरवायला गेलात तर ठरणारच नाही कारण फोटोत तिन्ही एकसारखे दिसतात, बोगदा, पूल, द्राक्षं, डोंगरावर चर्चचा मनोरा, झालं.

माझं सरळ मत असं की गाडीमुक्त पट्टा किती छान आहे यावर वेळ घालवू नका, तो तिन्हीकडे छानच आहे. तो जिथे संपतो तिथून पुढे काय होतं ते बघा. जेवायला, झोपायला, स्टेशन गाठायला तुम्हाला त्या पट्ट्यावरून खाली उतरावंच लागतं आणि खरा फरक तिथे पडतो. रेल्वेला चढ झेपत नसे म्हणून लाइन खोऱ्यातून नेली, आणि गावं मात्र जुन्या काळी शत्रूच्या भीतीने टेकडीवर वसवलेली, त्यामुळे स्टेशन खाली आणि गाव वर ही भानगड तिन्ही ठिकाणी आहे, फक्त कमी-जास्त.

आधी ल्युबेरों, कारण बहुतेकांच्या डोक्यात प्रोव्हान्सच असतं. कालावोंचा रस्ता कावायोंच्या बाजूने निघतो आणि कुस्तेले, मग आप्त असं करत पूर्वेला जातो, सगळा मिळून ४० किमीच्या आसपास. पूर्ण डांबरी, गुळगुळीत, चढ इतका हळू की चढतोय हे पायांना कळत नाही, उलटं येताना मात्र वेग का वाढलाय याचं आश्चर्य वाटतं. लहान मुलं, सायकलची सवय गेलेले आईबाबा, मागे ट्रेलर लावून बाळ, सगळे चालतात. नदीच्या उत्तरेच्या बागा व्हाँतू नावाच्या वाइनच्या आणि दक्षिणेच्या ल्युबेरोंच्या, म्हणजे दोन वाइन प्रदेशांची हद्दच तुम्ही चालवत असता. मध्ये मध्ये चेरीच्या बागा आहेत, मे-जूनमध्ये गेलात तर शेतकरी रस्त्याकडेलाच विकत बसलेले दिसतात.

या रस्त्यावर थांबून बघण्यासारखी एकच गोष्ट सांगायची तर पाँ ज्युलियाँ. इ.स.पू. ३ मधला रोमन पूल, तीन कमानी, आणि कमानींमधल्या खांबांनासुद्धा आरपार भोकं ठेवलीयेत, पुराचं पाणी अडून पुलाला रेटा बसू नये म्हणून. २००५ पर्यंत यावरून मोटारी जात होत्या, मग शेजारी नवा पूल बांधला आणि हा चालणाऱ्यांना आणि सायकलींना सोडला. दगड मधोमध झिजून गुळगुळीत झालेत, पाऊस पडून गेला असेल तर खाली उतरून हातात धरून न्या, बारीक टायर सरकतो.

आता अडचण. ल्युबेरोंला लोक ज्यासाठी जातात ती गावं, गोर्द, बोन्यू, लाकोस्त, मेनेर्ब, रुसियों, यातलं एकही या रस्त्यावर नाहीये. सगळी वर आहेत, दोनेकशे मीटर उंची चढून, आणि तो चढ साध्या रस्त्यावरून, जिथे जुलै-ऑगस्टमध्ये भाड्याच्या गाड्यांची रांग लागते. पुण्यात सिंहगडचा घाट सायकलवर करणाऱ्याला बोन्यूचा चढ म्हणजे नाश्त्याआधीचं काम आहे, पण जो माणूस 'ट्रॅफिक नाही' या एका शब्दावर आलाय त्याचा विरस होतो. उपाय दोन. एक म्हणजे ई-बाइक, तिथे सगळीकडे भाड्याने मिळते आणि लाज वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही. दुसरा म्हणजे आप्तमध्ये किंवा खाली रस्त्यालगतच मुक्काम करायचा आणि रोज एकच गाव, तेही सकाळी आठच्या आत. आप्त दिसायला गोर्दइतकं देखणं नाही, पण खरं, राहतं गाव आहे, शनिवारी मोठा बाजार भरतो, साखरेत मुरवलेल्या फळांसाठी प्रसिद्ध. आपल्याकडच्या मोरावळ्याची आठवण येते, फक्त इथे अख्खी संत्री आणि अख्खी पेअर असते. आणि बोन्यूची सहकारी वाइनरी वर गावात नसून खाली जुन्या स्टेशनच्या भागात आहे, रस्त्यापासून दोन पावलांवर, त्यामुळे निदान चव घ्यायला चढावं लागत नाही.

वाऱ्याचंही बघा. मिस्त्राल नावाचा इथला जोरदार वारा सुटला की तो उत्तर-वायव्येकडून येतो आणि एकदा सुटला की पटकन थांबत नाही. म्हणून कावायोंकडून आप्तकडे जायचं, म्हणजे पूर्वेकडे, वारा निदान तोंडावर येत नाही. उलटं प्लॅन केलंत तर सपाट रस्त्यावर छोट्या गिअरमध्ये रडत यावं लागेल.

तर ल्युबेरों म्हणजे सोय जास्त, शांतता कमी. दुकानं, दुरुस्ती, डॉक्टर, कॉफी, इंग्रजी बोलणारी माणसं सगळं हाताशी. अव्हिन्योंपर्यंत वेगवान ट्रेन आहे, तिथून कावायोंपर्यंत लोकल. जर्मनी-नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे सगळ्यात सोपं पडतं, विमानसुद्धा लागत नाही.

आता तेर्रा आल्ता, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझा कल इकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

ही व्हाल दे साफान नावाची जुनी रेल्वेलाइन. मूळ बेत शेजारच्या आरागोन प्रांतातून थेट भूमध्य समुद्रापर्यंत, सांत कार्लेस दे ला रापिता बंदरापर्यंत न्यायचा होता. एकोणिसाव्या शतकात काम सुरू झालं, मग पैसे संपले, मग यादवी युद्ध आलं, युद्धात कैद्यांकडून पुढचं काम करून घेतलं, १९४२ मध्ये गाडी एकदाची तोर्तोसाला पोचली आणि समुद्रापर्यंत कधीच गेली नाही. १९७३ मध्ये एक बोगदा ढासळला आणि सरकारने तेवढंच निमित्त करून लाइन बंद केली. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं बांधली आणि तीस वर्षं वापरली. सरकारी कामं कशी चालतात हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

आज आर्नेस-येदो स्टेशनपासून पिनेय दे ब्राइपर्यंत २३ किमी तेर्रा आल्ताचा भाग आणि तिथून तोर्तोसापर्यंत २६ किमी बाइश एब्रेचा, म्हणजे एब्रो नदीच्या खालच्या भागाचा, एकूण ४९. आर्नेस-येदो स्टेशनची उंची चारशे मीटरच्या आसपास आणि तोर्तोसा जवळपास समुद्रसपाटीला, म्हणजे या दिशेने गेलात तर सबंध दिवस उतार. तीव्र नाही, ब्रेक दाबावा लागत नाही, नुसता पायडल फिरवत राहायचा. वर वायव्येचा वारा असेल तर तोही पाठीवर. दम असलेला माणूस हे अर्ध्या दिवसात संपवेल, पण कृपा करून संपवू नका, दोन दिवस करा.

वरचा भाग द्राक्षांचा. इथल्या जुन्या बागा बघून नाशिक-सांगलीकडच्या माणसाला आधी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण आपल्याकडे द्राक्षबाग म्हणजे मांडव, तारा, खाली सावली, आपण वेलीखालून वाकून जातो. इथे गार्नाचा जातीच्या द्राक्षाची जुनी वेल तारेशिवाय एकटी उभी, गुडघाभर उंच, जाडजूड काळं खोड आणि वर फांद्यांचा झुपका, दोन वेलींत भरपूर अंतर, कारण पाऊस कमी आणि प्रत्येकीला आपल्या वाट्याची जमीन हवी. त्यामुळे नजर अडत नाही, बागेवरून थेट एल्स पोर्ट्स डोंगररांगेचे कडे दिसतात. पांढरी गार्नाचा ही इथली खासियत, जगातल्या या जातीच्या उत्पादनापैकी साधारण एक तृतीयांश एकट्या तेर्रा आल्तात होतं असं इथले वाइनवाले अभिमानाने सांगतात. वाइन ताजी, थोडी जाड, उन्हात दमून आल्यावर लाल वाइनपेक्षा हीच बरी वाटते.

आणि सहकार! सहकारी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर साखर कारखाना आणि चेअरमनची गाडी. इथे १९२०च्या आसपास गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी वाइनरी बांधल्या आणि आर्किटेक्ट कोण तर सेझार मार्तिनेय, बार्सिलोनाच्या प्रसिद्ध आर्किटेक्ट गाऊदीच्या तालमीतला. पिनेय दे ब्राइ आणि गांदेसा या दोन्ही गावांतल्या इमारती बघा, आत विटांच्या उंच कमानी, खिडक्यांतून उजेड, लोक त्यांना वाइनची कॅथेड्रल म्हणतात. पिनेयच्या भिंतीवर टाइल्सचा लांबलचक पट्टा आहे, त्यात द्राक्षतोडणीपासून पिण्यापर्यंत सगळे प्रकार आणि एक-दोन टुन्न झालेली मंडळीही. पण दोन्ही गावं ट्रॅकपासून लांब आणि वर, आणि तिथे जायचा रस्ता गाड्यांचा. पिनेयसाठी तरी वाकडी वाट करावी असं मला वाटतं. गांदेसा सायकलने करायची तर वेगळा दिवस काढा, आणि मग शेजारचं कोर्बेरा गावही बघा. १९३८ मध्ये जुलै ते नोव्हेंबर एब्रोची लढाई झाली त्यात ते उद्ध्वस्त झालं आणि जुनं गाव तसंच पडकं ठेवलंय.

बोत गाव सोडलं की द्राक्षं मागे पडतात आणि बोगदे सुरू होतात. एकामागून एक. पुढचा दिसतोय तोवर मागचा संपत नाही असं वाटण्याइतके. मधल्या उघड्या तुकड्यात खाली कानालेतेस नदीची घळ, वर गिधाडं घिरट्या घालतायत. बोगद्यांचं नीट सांगतो कारण फोटोत हे कळत नाही. बाहेर कडक ऊन, आत शिरल्या शिरल्या चार-पाच सेकंद डोळ्यांना अक्षरशः काही दिसत नाही, हवा एकदम थंड, छतातून थेंब मानेवर पडतो. बोगदा सरळ असेल तर पलीकडचं उजेडाचं भोक दिसतं आणि धीर राहतो, पण वळणाचा असेल तर मध्ये एक टप्पा असा येतो की पुढचंही तोंड दिसत नाही आणि मागचंही. काही बोगद्यांत दिवे आहेत पण त्यांच्या भरवशावर कोणी जाऊ नये. हँडलला चांगला लाइट हवाच, मोबाइलचा टॉर्च एका हातात धरून दुसऱ्या हाताने सायकल हा प्रकार करू नका, समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला जमिनीवरचं पाणी. गॉगल आधीच कपाळावर चढवा. गडद शर्ट घालणाऱ्यांनी वर एखादं चमकतं जॅकेट अडकवा. अंधाराची भीती वाटणारं कोणी ग्रुपमध्ये असेल, मुलं म्हणा किंवा मोठी माणसं, तर त्यांना आधी सांगा, ऐनवेळी बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून समजूत घालणं अवघड जातं.

घळीत खाली फोंतकाल्दा म्हणून ठिकाण आहे, जुनं देवस्थान आणि बाजूला २८ अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्याचा झरा, नदीत डुंबता येतं. ट्रॅकवरून खाली उतरावं लागतं आणि परत चढावं लागतं, सायकल वर लॉक करून गेलात तर जास्त बरं. रविवारी आणि ऑगस्टमध्ये बार्सिलोना-तोर्तोसाची अर्धी जनता इथे असते, इतर दिवशी दोन-चार टाळकी.

त्यापुढे एब्रो नदी लागते आणि सगळं बदलतं, द्राक्षांच्या जागी संत्री, हवा दमट, रस्ता सपाट. बेनिफायेतचं जुनं स्टेशन नदीच्या या काठाला आहे आणि गाव पलीकडच्या, त्यामुळे स्टेशनातच खायची-राहायची सोय आहे ती बरी पडते, पण आधी फोन करून उघडं आहे का विचारा. शेवटी लाल लोखंडी रेल्वेपुलावरून तोर्तोसात शिरता येतं, तोही आता चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा झालाय.

तेर्रा आल्ताची अडचण ल्युबेरोंच्या बरोबर उलटी. रस्ता खरोखर एकटा, गाडी नाहीच, पण माणूसही नाही. बोत ते बेनिफायेत साधारण पंधरा किलोमीटर ट्रॅकवर दुकान नाही, गाव नाही, पाणी मिळेल या आशेवर राहायचं नाही. दोन बाटल्या प्रत्येकी, एक जास्तीची ट्यूब, पंप, आणि पंक्चर स्वतःला काढता आलं पाहिजे. वरची गावं, आर्नेस काय आणि ऑर्ता दे सांत जुआन काय, स्टेशनपासून वर चढून. ऑर्तात राहाच मात्र. पिकासो १८९८ मध्ये आजारातून उठल्यावर मित्राच्या गावी म्हणून इथे आला आणि १९०९च्या उन्हाळ्यात परत आला. गावाकडे संध्याकाळी खालून बघितलं की घरांचे ते एकावर एक ठेवलेले ठोकळे बघून त्याला ठोकळ्यांची चित्रं, म्हणजे क्युबिझम, कसं सुचलं असेल हे चित्रकलेतलं काही न कळणाऱ्यालाही कळतं.

आणि वर पोचायचं कसं? बार्सिलोनाहून तोर्तोसापर्यंत ट्रेन आहे, अडीच तासांच्या आसपास. तिथून वर चढत सायकल नेऊ शकता, चढ सौम्य आहे, पण बहुतेक लोक सायकल भाड्याने घेताना व्हॅनने वर सोडायचंही ठरवून टाकतात. हे बुकिंग आधीच करा, तिथे पोचून रस्त्यावर टॅक्सी मिळत नसते. एकदा एका भाड्याने सायकल देणाऱ्याने आमच्यासमोर दोन साइझ छोट्या फ्रेम काढल्या आणि याच आहेत म्हणाला, तेव्हा उंची सेंटीमीटरमध्ये लिहून आधीच कळवणं हे कंटाळवाणं असलं तरी कराच. ज्यांना अजून लांब जायचंय त्यांच्यासाठी ट्रॅक आर्नेसच्या मागे आरागोनातही जातो, व्हालदेआल्गोर्फापर्यंत, तिथला बोगदा दोन किलोमीटरपेक्षा मोठा आहे. तो सगळ्यांसाठी नाही.

पारेन्झाना आता. ही १२३ किमीची छोटी रेल्वे, त्रिएस्ते ते पोरेच, ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात १९०२ मध्ये सुरू झाली आणि मुसोलिनीच्या काळात १९३५ मध्ये बंद. रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर, म्हणजे आपली जुनी बार्शी लाइट रेल्वे किंवा विदर्भातली शकुंतला यांच्याहून फक्त दोन मिलिमीटर कमी. ज्यांनी त्यातून प्रवास केलाय किंवा आजी-आजोबांकडून ऐकलंय त्यांना वेगाची कल्पना येईल. वाइन, ऑलिव्ह तेल, मीठ वाहायची. १९१० मध्ये मुज्जाजवळ बोरा वाऱ्याने अख्खी गाडी उलथवली होती, हे फक्त हिवाळ्यात जाऊ नका सांगण्यासाठी.

नॅरो गेजचा एक परिणाम लक्षात घ्या. मोठी रेल्वे डोंगर फोडून सरळ जाते, छोटी रेल्वे डोंगराच्या कडेकडेने वळत चढते. त्यामुळे पारेन्झाना तिघींत सगळ्यात वळणाची आणि सगळ्यात चढ-उताराची, हजार मीटरला २८ मीटरपर्यंत चढ. आकड्यात किरकोळ वाटतं पण समुद्राकाठून बुये आणि पुढे ग्रोझन्यानपर्यंत चढत जायचं, मग मिर्ना नदीच्या खोऱ्यात जवळपास तळाला उतरायचं, मोतोवुनच्या पायथ्याशी, आणि परत विझिनादाला वर. हे सगळं सामान लादून आणि खडीवर.

खडी हा इथला मुद्दा. इटली-स्लोव्हेनियाचा भाग डांबरी आणि सोपा, कोपर ते इझोला समुद्राला लागून पूर्वीचा गाड्यांचा रस्ताच आता सायकलींना दिलाय, पिरानच्या बाजूची मिठागरं सुंदर आहेत. पण द्राक्षं आणि टेकड्या म्हणून तुम्ही ज्यासाठी जाताय तो क्रोएशियाचा ७८ किमीचा भाग बहुतांश कच्चा आहे, कुठे बारीक खडी, कुठे मुठीएवढे दगड, पावसानंतर चर पडलेले. चाळीस मिलिमीटरचा टायर कमीत कमी. रोडबाइक अजिबात नाही. सिटी बाइकवर लोक करतात, हातांना मुंग्या येऊन करतात.

पण बदल्यात काय मिळतं ते ऐका. ग्रोझन्यान ते लिवादे हा पट्टा, जुने दगडी पूल, बोगदे, खाली पसरलेलं मिर्नाचं खोरं आणि पलीकडे टेकडीवर मोतोवुन, तासभर ते तुमच्या समोर राहतं, कधी डावीकडे कधी उजवीकडे, रस्ता वळतो तसं. मालवाझिया नावाची पांढरी आणि तेरान नावाची आंबटसर लाल वाइन, बागा लाल मातीत, आणि मोतोवुनच्या जंगलात ट्रफल, म्हणजे जमिनीखाली उगवणारी महागडी अळंबी. ट्रफलची पांढरी जात शरदात निघते, १९९९ मध्ये या भागात १ किलो ३१० ग्रॅमची एक सापडली होती. शाकाहारी लोकांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ट्रफल घातलेला फुझी, म्हणजे हाताने वळलेला पास्ता, हा इस्त्रियात गल्लोगल्ली मिळतो आणि पोट भरतं.

जेवणाचं आलंच आहे तर तिघांचं सांगून टाकतो, आपल्या लोकांचे निम्मे प्रश्न यावरच असतात. प्रोव्हान्समध्ये पिस्तू, म्हणजे तुळशीसारख्या बेसिलची चटणी, घातलेलं भाज्यांचं सूप, शेळीचं चीज, पाव, हे चालतं, पण ऑलिव्हची चटणी दिसते शाकाहारी आणि त्यात अँकोव्ही मासा असतो, विचारा. दुपारी बारा ते दोनमध्ये जेवलात तर जेवलात, अडीचला किचन बंद. कातालुन्यात टोमॅटो घासलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा, पण साध्या सॅलडमध्येही ट्यूना टाकून देतात, अंडं चालत असेल तर बटाट्याचं ऑम्लेट सगळीकडे. तिथे दुपारचं जेवण दोनला आणि रात्रीचं नऊला, मुलं झोपून जातात तोवर. इस्त्रियात माणेष्ट्रा नावाचं भाज्यांचं सूप दिसलं तरी त्यात डुकराचं हाड शिजवलेलं असू शकतं. शुद्ध जैन मंडळींनी तिन्हीकडे किचन असलेली खोली घ्यावी, भांडण नको.

परतीचा प्रश्न पारेन्झानाला सगळ्यात वाईट. पोरेचला रेल्वे नाही, १९३५ नंतर आलीच नाही. बस आहे पण सायकल घेईल की नाही हे ड्रायव्हरच्या मूडवर, म्हणून भाड्याने देणाऱ्यांकडून परत पोचवण्याची सोय असलेलंच पॅकेज घ्या किंवा पोरेच ते त्रिएस्ते अशी उलटी दिशा धरा, म्हणजे शेवटी मोठं स्टेशन येतं. उलट्या दिशेत चढ कमी होत नाहीत, पण शेवटचा दिवस डांबरी आणि समुद्राकाठचा मिळतो, हे मला जास्त पटतं.

व्हिसाचं सगळ्यांना एकच, शेंगेन. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आणि युरोतही आल्यामुळे पारेन्झानाचे तिन्ही देश एकाच व्हिसात होतात, पूर्वी भारतीय पासपोर्टवाल्यांना इथेच डोकेदुखी व्हायची. अर्ज जिथे जास्त रात्री त्या देशाकडे. सीमेवर अधूनमधून तपासणी असते, पासपोर्ट पॅनियरच्या, म्हणजे सायकलला लटकवलेल्या बॅगेच्या, तळाशी कोंबू नका. हेल्मेटचा नियम स्पेनमध्ये गावाबाहेर मोठ्यांनाही लागू आहे, फ्रान्समध्ये १२ वर्षांखालच्या आणि क्रोएशियात १६ वर्षांखालच्या मुलांना सक्ती, पण हे नियम वाचत बसण्यापेक्षा घाला आणि मोकळे व्हा. आणि वाइनरीत थांबून परत सायकलवर बसणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दारू पिऊन चालवण्याचा कायदा सायकललाही लागतो.

कधी जायचं? जुलै-ऑगस्ट तिन्हीकडे टाळा, ऊन आणि गर्दी दोन्ही. लव्हेंडर हवंच असेल तर जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा, त्याला इलाज नाही, आणि लव्हेंडर फक्त ल्युबेरोंकडे. द्राक्षतोडणी बघायची तर सप्टेंबर, तेर्रा आल्तात बागांमध्ये ट्रॅक्टर आणि माणसांची लगबग असते, ट्रॅकवरून क्रॉस होणाऱ्या ट्रॅक्टरला वाट द्या, तो तुमच्यासाठी थांबणार नाही. एप्रिल-मे हिरवळ आणि फुलं, पण वेलींवर तेव्हा नुसती कोवळी पालवी. मोतोवुनच्या ट्रफलसाठी ऑक्टोबर, मात्र पाऊस आला की खडीचा चिखल.

तर मग कोणी काय घ्यावं. घरचे सगळे, तीन पिढ्या, कोणी सायकल चालवणार कोणी नुसतं बाजार हिंडणार, तर डोळे मिटून ल्युबेरों, आणि मुक्काम खाली. दोघं-चौघं आहात, रोज थोडीफार सायकल चालवता, शांतता हवी आहे आणि पंक्चर काढता येतं, तर तेर्रा आल्ता, पैशाच्या हिशेबातही तिघांत हेच हलकं पडतं. पायात ताकद आहे, खडीचा त्रास नाही, आठवडा हाताशी आहे आणि एका ट्रिपमध्ये तीन देश हवेत तर पारेन्झाना. दोनच दिवस असतील तर पारेन्झानाचा नुसता ग्रोझन्यान-मोतोवुन तुकडा करा, मोतोवुनमध्ये राहून, अख्खी रेटण्याच्या नादात न पडता.

कोणी हमखास विचारेल की खिरोनाजवळचे ट्रॅक का नाही. आहेत, छान आहेत, ऑलोतपासून खिरोना आणि तिथून समुद्रापर्यंत जवळपास शंभर किलोमीटर, पण तिथे जंगल आणि ज्वालामुखी जास्त, द्राक्षं कमी. सोय बघितली तर ते ल्युबेरोंच्या जवळ जातं, शांतता बघितली तर मधे कुठेतरी. फ्रान्समधल्या ओ-लांगदॉकची बेदारियो-माझामे लाइनही अशीच, डोंगर भरपूर, द्राक्षं पायथ्याला थोडीशी. तुम्हाला वाइनपेक्षा सावली महत्त्वाची असेल तर उलट त्याच दोन्ही आधी बघा, ऑगस्टशिवाय सुट्टी मिळत नसेल तर नक्कीच.

बुकिंगचा क्रम मी असा ठेवेन: आधी सायकल आणि व्हॅन, मग खोल्या, मग व्हिसाची अपॉइंटमेंट, विमान त्यानंतर, परत मिळेल असं तिकीट बघून. तेर्रा आल्तात सायकली देणारे मोजकेच आहेत आणि सप्टेंबरचे शनिवार-रविवार सगळ्यात आधी संपतात.